राई आणि रयत

बारा वर्षांपूर्वी माझ्या हातून एक शेळी मेली. मी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट पोटभर खाऊ घातलं, आणि त्यानेच ती मेली.

माझं माहेर रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठच्या एका गावात. फेब्रुवारी महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं. दावत आटोपली, पाहुणे पांगले आणि एका देगेत पांढरा भात तसाच उरला. आमच्यात अन्न टाकणं गुनाह मानतात. कुणाला द्यावा, तर सगळं मोहल्ला आमच्याकडेच जेवून गेलेला. मागच्या पडवीत दादीच्या दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. लग्नाच्या गडबडीत दोन दिवस त्यांना कुणी नीट चारायला नेलं नव्हतं. मी घमेलं भरून भात त्यांच्यापुढे ठेवला. त्या अशा तुटून पडल्या की मला सवाब कमावल्यासारखं वाटलं. थोरली दांडगी होती. तिने धाकटीला ढुसण्या मारून बाजूला सारलं आणि बहुतेक भात एकटीने संपवला. थोरली चार महिन्यांची गाभण होती.

रात्री ती दात खायला लागली. डावी कूस तट्ट झाली. बसली ती उठेना. तोंडाजवळ नाक नेलं तर आंबूस वास येत होता. जनावरांचे डॉक्टर लांबच्या गावी होते, सकाळी येतो म्हणाले. अब्बा काही न बोलता टॉर्च घेऊन शेताकडे निघाले. त्या आठवड्यात आमच्या खाचरात धनगरांचा वाडा बसला होता.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. हा वाडा म्हणजे इमारत नव्हे. चार-पाच धनगर कुटुंबं, त्यांची मेंढरं, सामान वाहणारी घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं मिळून वाडा होतो. आमच्याकडे येणारी मंडळी साताऱ्याच्या फलटण तालुक्यातली. तिकडे पाऊस कमी, हिवाळ्यात रान सुकतं. दिवाळीनंतर ती घाट उतरून कोकणात येतात. तेव्हा आमची भातं कापून झालेली असतात, खाचरं मोकळी पडलेली असतात. मेंढरं दिवसा बांधावरचं आणि माळावरचं चरतात, रात्री ठरलेल्या खाचरात बसतात. त्यांच्या लेंड्या-मुताने जमिनीला खत मिळतं. त्याबद्दल शेतकरी पूर्वी भात मापून द्यायचा, आता रोख देतो. अब्बांचा हिशोब दोन्हीचा असायचा. थोडे पैसे आणि वर पायलीभर तांदूळ.

अब्बांबरोबर त्या वाड्यातली एक बाई आली. आम्ही तिला मामी म्हणायचो. वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे असेल. डोक्यावरचा पदर घट्ट करून ती शेळीपाशी बसली, डाव्या कुशीवर तळहात ठेवला, मूठ दाबून पाहिली. मग वर न बघताच विचारलं, "काय खाल्लं हिनं?"

मी सांगितलं.

"किती?"

मी घमेलं दाखवलं. मामी गप्प झाली. मग म्हणाली, "वारा न्हाय धरला पोटात. भात नासलाय आत." तिने खायचा सोडा मागितला, कोमट पाण्यात कालवला आणि बाटलीने शेळीच्या गालात थोडा थोडा सोडला, ठसका लागू नये म्हणून मान फार वर न करता. दोघींना पाजला. धाकटीला उठवून अंगणात चालवत ठेवायला सांगितलं. रात्रभर ती आमच्या पडवीत बसून होती. तिच्या स्वतःच्या पाचशे मेंढरांकडे तिची सून बघत होती.

फजरच्या अजानीआधी थोरली गेली. धाकटी वाचली. सकाळी डॉक्टर आले, धाकटीला इंजेक्शनं दिली आणि मला समजावून सांगितलं. शेळी-मेंढीचं पोट चार कप्प्यांचं. पहिला मोठा कप्पा डाव्या बाजूला असतो. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात आणि खरं तर पाला-चारा तेच पचवतात. त्यांना भात, पीठ, धान्य एकदम मिळालं की आत भराभर आम्ल तयार होतं. चारा पचवणारे जीव त्यातच मरतात, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, रक्तही आंबतं. बकरीदच्या दिवसांत विकत आणलेल्या बकऱ्यांना लोक प्रेमाने चपात्या, भात, मका चारतात, त्यातले कितीतरी असेच आजारी पडतात, असंही ते म्हणाले. म्हणून इथे लिहून ठेवते. घरी बकरा आणला की त्याला त्याचा नेहमीचा पाला द्या, दाणा मूठभरापासून हळूहळू वाढवा, आणि दावतीतलं उरलेलं अन्न त्याच्यापुढे ठेवू नका.

मामी जाताना मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, जनावर मागतंय म्हून द्यायचं न्हाय. त्येला पचंल त्येवढं द्यायचं. त्येचं पोट आपल्याला म्हाईत पायजे."

त्यानंतर सुट्टीत माहेरी गेले की मी वाड्यावर जाऊन बसायची. ही माणसं मेंढरांना 'बकरी' म्हणतात. "आमची बकरी" म्हणजे त्यांची मेंढरं. अरबीतही 'गनम' या एकाच शब्दात शेळ्या आणि मेंढ्या दोन्ही येतात. संध्याकाळी कळप परतला की मामी मोजत नसे, नुसती बघत असे. पाचशे तोंडांतून "ती कानफाटी कुठं ऱ्हायली?" असं विचारायची आणि पोरगा उलट्या पावली जायचा. जाळीच्या वाघरात कोकरं वेगळी. आया आल्या की एकच कल्लोळ, आणि पाच मिनिटांत प्रत्येक कोकरू आपापल्या आईच्या कासेला. एखादी मेंढी लंगडली की मामी तिला आडवी पाडून खुरातला खडा किंवा काटा काढायची. वाटेत जन्मलेली कोकरं घोडीवरच्या सामानात बसून घाट चढायची.

मृगाच्या आधी त्यांना घाटावर पोचावंच लागतं. रायगडात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल्या जमिनीत मेंढीची खुरं सडतात. भाताच्या पाणथळ रानात गोगलगायींमार्फत यकृतातले चपटे कृमी पोटात जातात. मामीला त्या कृमीचं शास्त्रीय नाव ठाऊक नव्हतं. पण गोगलगाय दिसली त्या पाणथळीला ती मेंढरं लावत नसे.

मी आता पेणला असते, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. एकदा मराठीच्या तासाला 'रयत' शब्द आला. मुलांनी अर्थ सांगितला, प्रजा. एका मुलीने विचारलं, "टीचर, हा शब्द मराठीच ना? छत्रपतींची रयत, रयत शिक्षण संस्था?" मी हो म्हणणार होते, आणि थांबले. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबीत 'राई' म्हणजे मेंढपाळ आणि 'रइय्यत' म्हणजे त्याने राखलेला कळप. पुढे राजा तो राखणारा आणि प्रजा ती राखलेली, असा अर्थ रुळला. उर्दूतलं 'रिआयत', म्हणजे सवलत, समोरच्याचा विचार करणं, हेही त्याच धातूतून आलेलं. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या मातीत आपल्या संस्थेला जे नाव दिलं, त्याच्या मुळाशी एक मेंढपाळ आहे, आणि त्याच सातारा जिल्ह्यातून आमची मामी मेंढरं घेऊन येते, हे मी त्या दिवशी मुलांना सांगितलं तेव्हा मलाच नवल वाटलं.

मशिदीत लहानपणापासून ऐकलेली हदीस आहे, बुखारी शरीफमधली. तुमच्यातला प्रत्येक जण राई आहे आणि प्रत्येकाला त्याच्या रयतेबद्दल विचारलं जाईल, असा तिचा आशय. दुसऱ्या हदीसमध्ये येतं, की प्रत्येक पैगंबराने शेळ्यामेंढ्या राखल्या आहेत. आपल्या पैगंबर साहेबांनीही मक्केतल्या लोकांची जनावरं थोड्या मजुरीवर राखली होती. मूसा अलैहिस्सलाम यांनी मदयनमध्ये कितीतरी वर्षं सासऱ्यांची मेंढरं राखली. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेला यावं तसं पाठ होतं. राई म्हणजे मोठा माणूस, बाप, मुख्याध्यापक, हाकिम, असं मी समजत होते. त्या रात्री माझ्या दारात राई आली, ती पदर खोचून घमेल्याकडे बघत "किती?" असं विचारणारी बाई होती. आणि प्रश्न मलाच विचारला जात होता.

गेल्या वर्षी एका मुलाने घरून मोबाइल आणून मला अल्पाकाचा व्हिडिओ दाखवला. "टीचर, हा उंट की मेंढी?" मी त्याला सांगितलं, कुळाने उंटाचा, पण पाठीला मदार नाही. दक्षिण अमेरिकेत, पेरू-बोलिव्हियाच्या उंच अँडीज पर्वतात लोक तो लोकरीसाठी पाळतात. पायाला खुराऐवजी मऊ गादी असते. तो कळपाशिवाय राहत नाही. एकटा ठेवला तर खंगतो. कळपातले बहुतेक सगळे ठरावीक जागीच लेंड्या टाकतात. वर्षातून एकदा त्याची लोकर कातरतात आणि ती जगभर महाग विकली जाते. मुलाने विचारलं, "मग आपल्या धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कुठे जाते?"

याचं उत्तर मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आमच्या खाचरातच एकदा कातरणी झाली. मेंढीचे पाय बांधून, लांब कातरीने पोटापासून पाठीपर्यंत काळी लोकर अशी उतरवली की एक अखंड चादर निघावी. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि खरखरीत. तिची घोंगडी होते. सणगर ती खड्ड्यातल्या मागावर विणतात, सुताला चिंचोक्याची खळ देतात. मामीने माझ्या बाळंतपणात दिलेली घोंगडी अजून माझ्याकडे आहे. पावसात अंगावर घेतली तर पाणी लवकर आत येत नाही, आणि पहिली काही वर्षं तिला चिंचोक्याचा वास येत राहिला.

पण आता या लोकरीला गिऱ्हाईक उरलेलं नाही. कातरणाऱ्याची मजुरीदेखील सुटत नाही. त्या दिवशी कातरलेला ढीग बांधाच्या कडेला पडून राहिला. बरेच मेंढपाळ आता सांगलीच्या जत भागातली माडग्याळ मेंढी ठेवू लागले आहेत. ती पांढरी-तपकिरी, उंच, लवकर वजन धरणारी, आणि अंगावर लोकर जेमतेम. मामीच्या कळपात अजून निम्म्या काळ्या आहेत. मी विचारलं, लोकर विकत नाही तर कातरता कशाला? तिला प्रश्नच कळला नाही. "उकडतंय की त्यास्नी," ती म्हणाली. "गोचीड धरतंय. न कातरून कसं चालंल?" जिच्यातून पैसा येत नाही तरी जी करावीच लागते, अशा कामाचा हिशोब ती घालतच नव्हती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा वाडा आमच्याच खाचरात होता. गावोगावी रस्त्यावर बांबू आडवे पडले. बाहेरचं माणूस नको म्हणून वाड्यातल्या पोरांना दुकानावर येऊ देईनात. त्याच दिवसांत आमच्याकडे, मुसलमानांकडेही लोक कशा नजरेने बघत होते, ते वेगळं सांगायला नको. अब्बांनी आमच्या विहिरीचं पाणी मेंढरांना खुलं केलं आणि वाड्याचं सामान आणायला ते स्वतः बाजारात गेले. गावातल्या एकाने त्यांना टोकलं, तर अब्बा म्हणाले, "माझ्या जमिनीत बसलेत. मलाच विचारणार ना?" कोण विचारणार, ते त्यांनी सांगितलं नाही. महिन्याभराने रमजान लागला. मामी रोज असरनंतर तांब्याभर शेळीचं दूध नातवाबरोबर धाडायची आणि अम्मी त्याच तांब्यातून इफ्तारीतले खजूर परत पाठवायची. मे महिन्याच्या मध्यावर त्यांना जायची परवानगी मिळाली. ते घाट चढून गेले आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या गोठ्याचे पत्रे उडाले. शेळ्या दोन दिवस आमच्याबरोबर माजघरात होत्या. वाडा तेव्हा खाली असता तर, हा विचार आजही नको वाटतो.

पेणच्या घरामागे आता माझ्या चार शेळ्या आहेत. ओल लागू नये म्हणून जमिनीपासून तीन फुटांवर फळ्यांचा माचा केलाय. फळ्यांत बोटभर फट आहे, लेंड्या खाली पडतात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस ठरल्या वेळी, जंतांचं औषध डॉक्टरांना लेंड्या दाखवून. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्यात कुर्बानीला मेंढा पुऱ्या वर्षाचा चालतो, पण बकरा दोन वर्षं पूर्ण झालेला लागतो. म्हणजे घरचा बकरा द्यायचा तर दोन पावसाळे त्याला कोरड्यात ठेवायचं. तो लंगडा चालत नाही, आंधळा चालत नाही, आजारी, रोडावलेला चालत नाही. माझा मुलगा एकदा म्हणाला, एवढं सांभाळून मग द्यायचा? मी म्हटलं, सांभाळलेलाच द्यायचा असतो. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही पुरतं झालेलं नाही. त्या दिवशी सकाळी मी बकऱ्याला पाणी पाजते. सुरी त्याच्या नजरेआड ठेवतात ना, हे बघते. मग घरात जाते.

अब्बा जाऊन तीन वर्षं झाली. भावाने अर्धी जमीन विकली. तिला आता तारेचं कुंपण आहे आणि फाटकावर प्लॉटचा फलक. कालव्याचं पाणी मिळतं तिथे शेजारी उन्हाळी भात लावतात, म्हणजे तिथेही मेंढरांना जागा नाही. उरलेल्या खाचरांच्या पूर्वेला शेजाऱ्याचा वाल असतो. दोन वर्षांपूर्वी मेंढरं त्यात शिरली आणि भांडण झालं. चूक वाड्याची होती. पोपटीच्या दिवसांत भरल्या शेंगांचा वाल कुणाला सोडवेल? भाऊ म्हणाला, नको ती कटकट, यंदा नाही म्हणून सांग.

दिवाळीच्या आठवड्यात मामीच्या मुलाचा फोन आला. "ताई, यंदा जागा हाय का?"

मी नाही म्हणायच्या तयारीने फोन घेतला होता. कारणंही खरी होती. पण तोंडातून निघालं, "मामी कशी आहे?" मग आम्ही बोलत राहिलो. शेवटी मी अट घातली. पूर्वेच्या बांधाला रात्रंदिवस माणूस राहील, आणि वालाचं नुकसान झालं तर निम्मं तुम्ही भरायचं, निम्मं मी. तो म्हणाला, "आमी राखू." भावाला मी संध्याकाळी सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "निम्म्यातलं निम्मं माझं लाव."

वाडा डिसेंबरात आला. मामीला आता चालवत नाही, ती टेम्पोत बसून आली. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पेणहून रोह्याला गेले आणि रविवारी तिला मुलाच्या मोटारसायकलवर बसवून माहेरच्या घरी आणलं. अम्मीने चहा ठेवला. मामी चहाला थांबली नाही. काठी टेकत ती तशीच मागच्या पडवीत गेली. तिथे अम्मीची एक शेळी बांधलेली असते. त्या रात्री वाचलेल्या धाकटीची नात.

मामी तिच्याजवळ बसली, डाव्या कुशीवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय घालताय हिला?"